हिशेबातून घडलेले प्राणी : हॅना-बार्बेरा स्टुडिओची वाटचाल

संस्था बहुधा उमेदीतून उभ्या राहतात. हॅना-बार्बेरा स्टुडिओ नोकरी गेल्यामुळे उभा राहिला. १९५७ साली हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने आपला कार्टून विभाग बंद केला. 'टॉम अँड जेरी' या चित्रपटमालिकेला तोवर सात ऑस्कर पारितोषिके मिळाली होती आणि प्रेक्षकांचे प्रेम आटलेले नव्हते. पण कंपनीच्या हिशेबनिसांना एक गोष्ट दिसली होती. जुनेच लघुपट पुन्हा चित्रपटगृहांत लावले, तर नव्या लघुपटांच्या जवळपास तेवढीच कमाई होते. मग नव्यावर खर्च कशाला करायचा? एका फोनवर निर्णय कळवला गेला आणि वीस वर्षे तिथे काम करणारे विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा आपल्या सगळ्या सहकाऱ्यांसह घरी बसले.

टॉम मांजर आणि जेरी उंदीर यांच्या या दोन निर्मात्यांनी त्यानंतर दूरचित्रवाणीसाठी प्राण्यांची एक मोठी वसाहत उभी केली : निळा कुत्रा हकलबेरी, टोपी-टायवाला योगी अस्वल, गल्लीतला दादा बोका टॉप कॅट आणि भुताच्या नावाने पाय लटपटणारा स्कूबी-डू. हे प्राणी असेच का दिसतात, असेच का बोलतात आणि असेच का वागतात, याची उत्तरे बरीचशी स्टुडिओच्या जमाखर्चात सापडतात. ज्या हिशेबाने या दोघांची नोकरी घालवली, त्याच हिशेबाशी त्यांना पुढची चाळीस वर्षे झुंजावे लागले. म्हणून या संस्थेचा इतिहास सांगताना पुरस्कारांच्या यादीपेक्षा कामाच्या पद्धतीकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

दोन संस्थापक

हॅना यांचा जन्म १९१० साली न्यू मेक्सिको राज्यातल्या मेलरोझ गावी झाला. महामंदीच्या काळात शिक्षण अर्धवट सोडून ते १९३० मध्ये हार्मन-आयझिंग या कार्टून स्टुडिओत लागले आणि शाई-रंगाच्या खात्यातून वर चढत गेले. संगीताची जाण आणि काळाचे अचूक भान ही त्यांची मोठी शिदोरी होती. पात्र दारावर आपटल्यावर किती फ्रेमनंतर कोसळले पाहिजे, हे त्यांना मनातल्या मनात मोजता येई.

बार्बेरा १९११ सालचे, न्यूयॉर्कमधल्या इटालियन कुटुंबातले. बँकेत कारकुनी करता करता ते मासिकांना हास्यचित्रे पाठवत. पुढे न्यूयॉर्कच्या कार्टून स्टुडिओंत उमेदवारी करून १९३७ मध्ये ते एमजीएममध्ये आले आणि तिथे हॅनांच्या शेजारच्या टेबलावर बसले. त्यांचा हात झरझर चाले, विनोद झटकन सुचे आणि गोष्ट रंगवून सांगण्यात त्यांची बरोबरी कुणी करू शकत नसे.

कामाची वाटणी स्वभावानुसारच झाली. बार्बेरांनी कथा आणि रेखाटने करायची, हॅनांनी वेळ बांधायची आणि काम पार पाडून घ्यायचे. पुढे स्वतःचा स्टुडिओ निघाल्यावर वाहिन्यांच्या दारी कल्पना विकायला बार्बेरा जात आणि विकलेला माल ठरल्या तारखेला पोहोचवण्याची जबाबदारी हॅनांची असे. दोघांचे स्वभाव निराळे होते, पण भागीदारी अखेरपर्यंत टिकली.

जुलै १९५७ मध्ये 'एच-बी एंटरप्रायझेस' स्थापन झाली. एमजीएममधले दिग्दर्शक जॉर्ज सिडनी हे तिसरे भागीदार होते. त्यांच्या ओळखीतून कोलंबिया पिक्चर्सची दूरचित्रवाणी शाखा 'स्क्रीन जेम्स' पाठीशी उभी राहिली. कुणाचे नाव आधी लावायचे, हा प्रश्न नाणे उडवून सोडवण्यात आला. पहिली जागा मिळाली ती ला ब्रिया रस्त्यावर, जिथे पूर्वी चार्ली चॅप्लिन यांचा स्टुडिओ होता त्या आवारात.

चित्रे किती काढायची?

चित्रपटाच्या पट्टीवर एका सेकंदात २४ फ्रेम सरकतात. सात मिनिटांच्या लघुपटात त्या दहा हजारांवर जातात. एकेक चित्र दोन फ्रेम दाखवायचे ठरवले, तरी एकाच पात्राची पाच हजार चित्रे होतात. पात्रे दोन असली आणि सतत पळत असली, तर संख्या आणखी फुगते. 'टॉम अँड जेरी'च्या अशा एका लघुपटाला चाळीस हजार डॉलरच्या आसपास खर्च येई. दूरचित्रवाणीने नव्या स्टुडिओला देऊ केले पाच मिनिटांच्या एका भागामागे तीन हजार डॉलरच्या आत.

एवढ्या पैशांत जुन्या पद्धतीने काम होणे अशक्यच होते. त्यांनी जी पद्धत पत्करली तिला 'लिमिटेड ॲनिमेशन' म्हणतात. ती या दोघांची निर्मिती नव्हे. युपीए या स्टुडिओने कलात्मक हेतूने ती आधी वापरली होती. हॅना-बार्बेरांनी तिला आठवड्याच्या कारखान्याला जुंपले.

पद्धत अशी. पात्राचे तुकडे करायचे. धड एका सेलवर म्हणजे पारदर्शक पत्र्यावर, डोके दुसऱ्या, तोंड तिसऱ्या. बोलताना फक्त तोंड बदलायचे आणि त्यासाठी ओठांच्या मोजक्या आकारांचा एक संच ठेवायचा. चालण्याची आठ-दहा चित्रे काढली की तीच फिरवून फिरवून वापरायची. पात्र जागच्या जागी पाय हलवते, मागचे रंगवलेले दृश्य सरकत राहते आणि तेच झाड, तोच खांब पुन्हा पुन्हा समोरून जातो. पात्र भिंतीवर आदळायचे असेल, तर ते चौकटीबाहेर पळून जाते, धडाम आवाज येतो आणि कॅमेरा हादरतो. आदळणे कुणी काढलेलेच नसते, तरी पाहणाऱ्याला ते पाहिल्यासारखे वाटते.

योगी अस्वलाच्या गळ्यातली कॉलर आणि टाय या पद्धतीतूनच आली. डोके आणि धड वेगवेगळ्या सेलवर असले की मानेपाशी जोड दिसतो. कॉलर लावली की तो झाकला जातो. उघड्या अंगाच्या जंगली अस्वलाला टाय का, असे कुणी विचारत नाही. उलट त्यामुळे त्याला एक ऐटबाजपणा आला आणि तोच त्याचा स्वभाव ठरला. हकलबेरीचा बो-टाय आणि योगीचा छोटा सोबती बूबू याचाही बो-टाय याच घराण्यातले. ही रूपे बांधणारे एड बेनेडिक्ट एमजीएमच्याच तालमीतले होते. जाड बाह्यरेषा, सपाट रंग, लांबूनही ओळखू येणारी आकृती हे त्यांचे वैशिष्ट्य. त्या काळचे घरगुती संच लहान आणि कृष्णधवल होते. त्यांवर नाजूक रेषा टिकली नसती.

तीन मालिका, तीन पायऱ्या

पहिली मालिका 'रफ अँड रेडी' डिसेंबर १९५७ मध्ये एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. हुशार मांजर आणि साधाभोळा कुत्रा अशी जोडी. गोष्ट क्रमशः पुढे जाई. चित्रे कमी होती, गंमतही बेताची होती, पण भाग वेळेवर पोहोचत होते आणि पैसे पुरत होते.

दुसरी पायरी १९५८ च्या सप्टेंबरात आली. 'हकलबेरी हाउंड' या अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला केलॉग्ज या न्याहारीच्या पदार्थांच्या कंपनीने पुरस्कृत केले. दक्षिणी हेल काढून बोलणारा, काहीही झाले तरी न चिडणारा निळा कुत्रा हा त्याचा नायक. मुलांसाठी बनवलेला हा कार्यक्रम महाविद्यालयीन तरुण आणि मोठी माणसेही आवडीने पाहू लागली. १९६० साली त्याला एमी पारितोषिक मिळाले. ॲनिमेशन मालिकेला मिळालेले ते पहिले एमी.

याच कार्यक्रमाच्या एका कोपऱ्यात योगी होता. जेलीस्टोन नावाच्या राष्ट्रीय उद्यानात राहायचे, सहलीला आलेल्यांच्या खाऊच्या टोपल्या पळवायच्या, छोट्या बूबूने समजावले तरी ऐकायचे नाही आणि रेंजर स्मिथची बोलणी खायची, एवढाच त्याचा संसार. पाहुण्याने यजमानापेक्षा जास्त टाळ्या घ्याव्यात तसे झाले आणि जानेवारी १९६१ मध्ये त्याला स्वतःची मालिका मिळाली. ही तिसरी पायरी. त्या काळी योगी बेरा नावाचे बेसबॉलपटू अमेरिकेत घरोघरी माहीत होते. भारतावरच्या एका चित्रपटात दिसलेल्या मांडी घालून बसलेल्या योग्यावरून मित्रांनी त्यांना ते नाव दिले होते. अस्वलाचे नाव ऐकून बेरांनी कायदेशीर कारवाईचा पवित्रा घेतला. स्टुडिओने हा निव्वळ योगायोग असल्याचे सांगितले आणि प्रकरण मिटले.

आवाजाचा वाटा

हालचाल कमी केली की पडद्यावर पोकळी राहते. स्टुडिओने ती बोलण्याने भरली. टॉम आणि जेरी जवळपास मुके होते, कारण त्यांना पळता येत होते. योगी आणि हकलबेरी बडबडे झाले, कारण त्यांना पळवणे परवडत नव्हते.

हा भार दोन माणसांनी उचलला. डॉज बटलर यांनी हकलबेरी, योगी आणि इतर कितीतरी नायक बोलते केले. डॉन मेसिक यांनी बूबू, रेंजर स्मिथ आणि पुढे स्कूबी. दोघेही मायक्रोफोनसमोर शेजारी उभे राहून काम करत. संवाद लिहायला वॉर्नर ब्रदर्समधून मायकेल माल्टीज आणि वॉरन फॉस्टर यांच्यासारखे मुरलेले विनोदकार आले. आवाजांचा साठाही स्टुडिओने स्वतःचा घडवला. पात्र पळण्याआधी हवेत पाय फिरवते तेव्हा वाजणारा बोंगोचा ठेका डोळे मिटूनही ओळखता येतो.

टीकाही झाली. वॉर्नरचे नामवंत दिग्दर्शक चक जोन्स यांनी अशा कामाला 'सचित्र रेडिओ' म्हणून हिणवले. टीका खोटी नव्हती. ही कार्टून नुसती ऐकली तरी बरीचशी समजतात. मात्र त्या काळात एमजीएमचे दार बंद झाले होते, 'स्लीपिंग ब्यूटी'नंतर डिस्नेने मोठी कपात केली आणि १९६३ मध्ये वॉर्नरचाही कार्टून विभाग मिटला. या सगळ्या ठिकाणच्या कारागिरांना काम देणारी जागा हॅना-बार्बेरा हीच होती. पूर्ण ॲनिमेशन करून हात तयार झालेली ही माणसे होती. काय काढायचे हे ज्याला पक्के ठाऊक असते, त्यालाच काय वगळायचे ते कळते. सुरुवातीच्या मालिकांत चित्रे थोडी असूनही त्या जिवंत वाटतात, त्याचे श्रेय या हातांना आहे.

वास्तू आणि विस्तार

३० सप्टेंबर १९६० रोजी एबीसी वाहिनीवर रात्रीच्या मुख्य वेळेत 'द फ्लिंटस्टोन्स' सुरू झाली. अश्मयुगातल्या मध्यमवर्गीय कुटुंबाची ही मालिका सहा वर्षे आणि १६६ भाग चालली. पाठोपाठ १९६१ मध्ये 'टॉप कॅट' आणि १९६२ मध्ये 'द जेटसन्स' आली. न्यूयॉर्कच्या गल्लीत पोलिसाला चकवणाऱ्या बोक्यांची 'टॉप कॅट' अवघ्या ३० भागांत थांबली, पण पुनःप्रक्षेपणात तिने दीर्घ आयुष्य भोगले.

१९६३ मध्ये स्टुडिओ ३४०० काहुएंगा बुलेव्हार्ड या स्वतःच्या इमारतीत गेला आणि पुढची सुमारे ३५ वर्षे हाच त्याचा पत्ता राहिला. १९६६ च्या अखेरीस टाफ्ट ब्रॉडकास्टिंग कंपनीने सुमारे १ कोटी २० लाख डॉलरना तो विकत घेतला. संस्थापक कारभारी म्हणून कायम राहिले, मात्र मालकी गेली ती गेलीच.

भित्र्या कुत्र्याचा जन्म

१९६० च्या दशकाच्या मध्यावर शनिवारची सकाळ ही मुलांच्या कार्टूनची हक्काची वेळ झाली होती. तिथे अतिमानवी वीरांची चलती होती. हॅना-बार्बेराची 'स्पेस घोस्ट' त्यातलीच. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनी अमेरिका हादरली आणि पडद्यावरच्या हिंसेविरुद्ध पालक बोलू लागले. त्याच वर्षी बॉस्टनजवळच्या काही मातांनी 'ॲक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन' ही संघटना काढली. वाहिन्यांना हाणामारी नसलेला माल तातडीने हवा झाला.

सीबीएस वाहिनीचे दिवसाच्या कार्यक्रमांचे प्रमुख फ्रेड सिल्व्हरमन यांनी स्पर्धक स्टुडिओ फिल्मेशनच्या 'आर्ची' मालिकेचे यश पाहिले होते. किशोरवयीन मुले, त्यांचा वाद्यवृंद आणि जोडीला रहस्यकथा असे काहीतरी त्यांना हवे होते. हॅना-बार्बेरांनी ते काम जो रूबी आणि केन स्पिअर्स या दोन लेखकांकडे दिले. दोघेही स्टुडिओत संकलनाच्या खोलीतून लेखनाकडे आलेले.

पहिल्या आराखड्याचे नाव 'मिस्टरीज फाइव्ह'. त्यात पाच मुले होती आणि बोंगो वाजवणारा 'टू मच' नावाचा कुत्रा. कुत्रा लहान आणि शूर असावा की मोठा आणि भित्रा, यावर खल झाला. मोठा आणि भित्रा ठरला. मग जात कोणती? ग्रेट डेन घेतला तर वृत्तपत्रातल्या 'मार्माड्यूक'ची नक्कल वाटेल, शीपडॉग घेतला तर 'आर्ची'तल्या कुत्र्याची. फिरून फिरून ग्रेट डेनवर शिक्कामोर्तब झाले. मुलांची संख्या चारवर आली. 'द मेनी लव्ह्ज ऑफ डोबी गिलिस' या जुन्या विनोदी मालिकेतल्या तरुण पात्रांवर फ्रेड, डॅफ्नी, व्हेल्मा आणि शॅगी बेतण्यात आले.

रूप दिले इवाओ ताकामोतो यांनी. त्यांच्याबद्दल दोन शब्द स्वतंत्र लिहायला हवेत. जपानी वंशाचे हे चित्रकार १९२५ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मले. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना सरकारने छावण्यांत डांबले, तेव्हा किशोरवयीन ताकामोतो कुटुंबासह मान्झनारच्या छावणीत होते. चित्रकलेचे धडे त्यांना तिथल्याच जाणत्या चित्रकारांकडून मिळाले. १९४५ मध्ये ते डिस्नेत दाखल झाले, 'लेडी अँड द ट्रॅम्प' आणि 'स्लीपिंग ब्यूटी'सारख्या चित्रपटांवर त्यांनी काम केले आणि १९६१ मध्ये ते हॅना-बार्बेरात आले.

स्टुडिओतल्या एका सहकारी बाईंना ग्रेट डेन पाळण्याचा अनुभव होता. जातिवंत कुत्र्याची लक्षणे कोणती, ते ताकामोतोंनी त्यांच्याकडून नीट ऐकून घेतले : पाठ ताठ, पाय सरळ, हनुवटी लहान. मग त्यांनी सगळे उलटे केले. पाठीला बाक आणि उतार, पाय फेंगडे, हनुवटी मोठी. प्रदर्शनात पहिल्या फेरीतच बाद होईल असा हा ग्रेट डेन. त्याचे शरीरच त्याच्या घाबरटपणाची जाहिरात करते.

तरीही सीबीएसचे अध्यक्ष फ्रँक स्टॅंटन यांनी आराखडा नाकारला. भुतांची चित्रे लहान मुलांना फार भीतीदायक वाटतील, असे त्यांचे म्हणणे पडले. वेळापत्रकात शनिवारची जागा रिकामी होती आणि हातात मालिका नव्हती. तोड निघाली ती अशी : भीती तीच ठेवायची, पण ती कुत्र्याला वाटू द्यायची. वाद्यवृंद मागे पडला, कुत्रा आणि शॅगी पुढे आले. विमानप्रवासात फ्रँक सिनात्रा यांचे 'स्ट्रेंजर्स इन द नाइट' ऐकताना शेवटच्या निरर्थक बोलांवरून कुत्र्याचे नाव सुचले, अशी हकीकत सिल्व्हरमन सांगत. १३ सप्टेंबर १९६९ रोजी 'स्कूबी-डू, व्हेअर आर यू!' पडद्यावर आली. पहिल्या वर्षी १७, दुसऱ्या वर्षी ८, असे तिचे एकूण २५ भाग झाले.

एका भागाची घडण

मालिकेची रचना पाहिली की पैसा आणि पालक या दोघांच्या अटी तिने कशा पाळल्या ते दिसते. भुताला बोलायचे नसते, घोगरे ओरडायचे असते, त्यामुळे ओठांची चित्रे वाचतात. 'मिस्टरी मशीन' ही गाडी म्हणजे एकच चित्र आणि मागे सरकणारा रस्ता. पात्रे वर्षभर तेच कपडे घालतात, म्हणून एकदा काढलेली चाल पुन्हा कामी येते. लांब बोळात एका दारातून शिरून भलत्याच दारातून बाहेर पडण्याचा पाठलाग हा पुनर्वापराचा उत्तम नमुना. वाचलेला पैसा आणि वेळ मागच्या दृश्यांवर खर्च झाला. पडकी हवेली, धुक्यातली दलदल, चंद्रप्रकाशातले बंदर ही रंगवलेली दृश्ये डिस्नेच्या '१०१ डाल्मेशन्स'वर काम केलेल्या वॉल्ट पेरेगॉय यांच्या देखरेखीखाली तयार झाली. हलणारी चित्रे साधी आणि न हलणारी समृद्ध, असा तोल तिथे साधला आहे.

मारामारी वर्ज्य होती, म्हणून सापळा आला. सापळा कायम फसतो आणि स्कूबीच्या घसरण्यामुळेच चोर पकडला जातो. मुखवटा काढला की आत माणूस निघतो. कुणाला जमीन लाटायची असते, कुणाला लपवलेले धन काढायचे असते. भूत कधीच खरे नसते. विज्ञानलेखक कार्ल सेगन यांनी १९९५ मध्ये 'द डीमन-हॉन्टेड वर्ल्ड' या पुस्तकात याची आवर्जून दखल घेतली. अद्भुत वाटणाऱ्या गोष्टीचा तपास करून साधे कारण शोधणारी मालिका म्हणून त्यांनी तिचे कौतुक केले आणि मोठ्यांसाठीही असे काही व्हावे, अशी इच्छा व्यक्त केली. निर्मात्यांचा हेतू प्रबोधनाचा नव्हता. वाहिनीच्या भीतीपोटी घातलेल्या बंधनातून हे आपसूक घडले.

मेसिक यांनी स्कूबीला प्रत्येक शब्दाआधी 'र' लावून बोलायला लावले. 'द जेटसन्स'मधल्या ॲस्ट्रो कुत्र्यासाठी त्यांनी अशीच बोली आधी वापरली होती. शॅगीचा आवाज रेडिओ निवेदक केसी केसम यांचा. केसम शाकाहारी होते आणि पुढे शॅगीनेही मांसाहार करू नये, असा त्यांचा आग्रह राहिला. १९९५ मध्ये एका बर्गरच्या जाहिरातीवरून त्यांनी भूमिका सोडली आणि शॅगी शाकाहारी होईल हे कबूल झाल्यावरच २००२ मध्ये ते परतले.

साचा आणि त्याची किंमत

यशानंतर साचा तयार झाला. चार-पाच तरुण, एक विचित्र सोबती, एक रहस्य. सोबत्याच्या जागी कधी बोलकी मोटार आली ('स्पीड बग्गी', १९७३), कधी ढोल वाजवणारा शार्क ('जॅबरजॉ', १९७६). मागणी मोठी होती, वाहिन्या हंगामाच्या तोंडावर मागणी नोंदवत आणि सगळे भाग एकदमच हवे असत. सुचण्यासाठी वेळच उरला नाही. लिमिटेड ॲनिमेशन सुरू झाले तेव्हा काय वगळायचे हे कलावंत ठरवत होते. आता ते वेळापत्रक ठरवू लागले. १९७३ मध्ये ई. बी. व्हाइट यांच्या कादंबरीवर काढलेला 'शार्लट्स वेब' हा चित्रपट या काळातला सुखद अपवाद. डुक्कर आणि कोळीण यांच्या मैत्रीची ही गोष्ट ताकामोतो आणि चार्ल्स निकोल्स यांनी दिग्दर्शित केली.

चित्रे काढून घेण्याचे काम हळूहळू परदेशी गेले. ऑस्ट्रेलियात शाखा निघाली, १९७८ मध्ये तैपेईत जेम्स वांग यांच्या सहकार्याने स्टुडिओ उभा राहिला, पुढे मनिलातही काम गेले. लॉस एंजेलिसच्या कार्टून कामगार संघटनेने याविरुद्ध १९७९ मध्ये संप केला आणि काही आश्वासने मिळवली. १९८२ च्या दुसऱ्या संपात ती हरली. आशियातल्या अनेक शहरांत ॲनिमेशनचा धंदा या बाहेरच्या कामावरच वाढला आणि पुढे भारतातले स्टुडिओही त्याच वाटेने परदेशी मालिकांची कामे घेऊ लागले. तिकडचा रोजगार गेला, इकडचा आला. मूळ कल्पनेची मालकी मात्र जागची हलली नाही.

शेवटची दहा वर्षे आणि भारतातले आगमन

१९९१ मध्ये टेड टर्नर यांच्या कंपनीने भागीदारासह सुमारे ३२ कोटी डॉलरना स्टुडिओ आणि त्याचा साठा विकत घेतला. त्या साठ्याच्या बळावर १ ऑक्टोबर १९९२ रोजी चोवीस तास कार्टून दाखवणारी 'कार्टून नेटवर्क' वाहिनी सुरू झाली. जुनी कार्टून पुन्हा दाखवली तर पैसे येतात, हे एमजीएमच्या हिशेबनिसांनी १९५७ मध्येच हेरले होते. आता त्याच न्यायावर एक अख्खी वाहिनी उभी राहिली.

भारतात ती १९९० च्या दशकाच्या मध्यावर केबलवरून आली. दिवसा कार्टून आणि रात्री त्याच क्रमांकावर 'टीएनटी'चे जुने हॉलिवूड चित्रपट. पुणे, नाशिक, नागपूर, पणजी इथल्या मध्यमवर्गीय घरांतली एक पिढी फ्लिंटस्टोन, योगी आणि स्कूबी यांना एकदमच भेटली. १९५८ ची, १९६० ची आणि १९६९ ची पात्रे तिला समवयस्क वाटली. आधी इंग्रजीत आणि पुढे हिंदी डबिंगमधून.

याच काळात अध्यक्ष फ्रेड सायबर्ट यांच्या कारकिर्दीत स्टुडिओने एक धाडस केले. 'व्हॉट अ कार्टून!' या उपक्रमात ४८ लघुपटांसाठी तरुण चित्रकारांना मोकळीक दिली. संहितेऐवजी स्टोरीबोर्ड पुढे ठेवायचा आणि कल्पना ज्याची त्यानेच ती घडवायची, ही जुनी पद्धत परत आली. त्यातून गेंडी टार्टाकोव्हस्की यांची 'डेक्स्टर्स लॅबोरेटरी' आणि क्रेग मॅक्क्रॅकन यांची 'पॉवरपफ गर्ल्स' या मालिका पुढे आल्या. जॉन डिलवर्थ यांचा भित्रा गुलाबी कुत्रा करेज पहिल्यांदा दिसला तोही याच लघुपटांत.

१९९६ मध्ये टर्नरची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली आणि १९९८ मध्ये स्टुडिओने काहुएंगाची इमारत सोडली. २२ मार्च २००१ रोजी हॅना वारले. त्याच वर्षी स्टुडिओचे स्वतंत्र अस्तित्व संपून तो वॉर्नर ब्रदर्स ॲनिमेशनमध्ये सामावला गेला. १८ डिसेंबर २००६ रोजी बार्बेरा गेले आणि पुढच्या महिन्यात ताकामोतो. २०२१ मध्ये कार्टून नेटवर्कच्या युरोपीय स्टुडिओला हॅना-बार्बेरा हे नाव देण्यात आले, त्यामुळे पाटी पुन्हा लागली आहे.

ताळेबंद

या संस्थेकडून काय घ्यावे? स्वस्तात काम करावे, हा धडा चटकन हाती लागतो, पण तो अपुरा आहे. १९५८ मध्येही पैसा कमी होता आणि १९७६ मध्येही. पहिल्या खेपेला चित्रांची संख्या घटवली, पण लेखक, आवाज आणि रूपकार यांच्याशी तडजोड केली नाही. कॉलर, बडबड आणि फेंगडे पाय या युक्त्या टेबलावर बसलेल्या माणसांना सुचल्या, कारण त्यांच्यापुढे अडचण ठेवली होती, उत्तर ठेवले नव्हते. दुसऱ्या खेपेला उत्तर आधीच तयार होते आणि त्यात नवे नाव भरायचे तेवढे बाकी होते. म्हणून हकलबेरी, योगी आणि स्कूबी यांची नावे आजही मुलांच्या तोंडी आहेत आणि त्यांच्या नकला जाणकारांनाच आठवतात.

आपल्याकडे ॲनिमेशनचे शिक्षण घेऊन बाहेर पडणाऱ्यांपुढे पहिल्या दिवशीच अंदाजपत्रक येते. ते बहुधा तोकडेच असते. त्यातली कात्री कुठे चालवायची, हे ठरवण्याचा हक्क चित्र काढणाऱ्याच्या हाती राहिला, तर तोकड्या पैशांतूनही पात्र उभे राहते. हॅना-बार्बेराच्या पहिल्या बारा वर्षांचे काम हा त्याचा पुरावा आहे आणि नंतरचे बरेचसे काम हा त्याचाच उलटा पुरावा.